हललं की उलगडतं : प्रस्तावना

माझ्या आत्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती गोष्ट जुनी, टाके घालण्याच्या काळातली. डोळ्यावर हिरवी पट्टी होती, तरी सकाळचा चहा आपणच गाळायचा हा नेम काही तिने मोडला नाही. पहिल्या दिवशी चहा कपाच्या अलीकडे, ओट्यावर गेला. दुसऱ्या दिवशी अर्धा बशीत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मात्र एक थेंबही सांडला नाही. मी शेजारीच उभा होतो, म्हणून तिचं एक कसब माझ्या लक्षात आलं. पातेलं तिरकं करण्याआधी ती मान संथपणे डावीकडे न्यायची, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि मगच धार सोडायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, “आत्या, मान का हलवतेस गं?” ती वैतागून म्हणाली, “मान कुठं हलवतेय? कप बघतेय.”

तेव्हा मला ते उत्तर उडवाउडवीचं वाटलं. ते अचूक होतं हे कळायला बरीच वर्षं गेली. हालचालीतून अंतर आणि खोली कशी कळते, या विषयावरचं हे पुस्तक त्याच उत्तराचा विस्तार आहे.

आधी कोडं काय आहे ते नीट मांडू. डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो आणि समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा त्यावर पडते, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. या प्रतिमेला लांबी आहे, रुंदी आहे. अंतर कुठे आहे? नाकासमोरचं चिलट आणि आभाळातली घार पडद्यावर सारख्याच आकाराचा ठिपका उमटवू शकतात. कोणता ठिपका जवळचा आणि कोणता लांबचा हे त्या ठिपक्यावर लिहिलेलं नसतं. तरीही आपण जिना उतरतो, झेल घेतो, भरधाव रिक्षांमधून रस्ता ओलांडतो. प्रतिमेत जे नाही ते मेंदूला मिळतं कुठून?

या प्रश्नाचं सर्वांना ठाऊक असलेलं उत्तर म्हणजे दोन डोळे. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला स्टिरिओस्कोप मांडला. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की सपाट रेघांमधून घडीव वस्तू उभी राहते, हे त्याने दाखवून दिलं. उत्तर बरोबर होतं आणि इतकं देखणं होतं की पुढे बऱ्याच पाठ्यपुस्तकांनी विषय तिथेच संपवला. पण माणसाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. ताटातल्या, टेबलावरच्या वस्तूंसाठी ते पुरतं. दरीपलीकडच्या कड्यापुढे ते फारच तोकडं पडतं. शिवाय लहानपणापासून एकाच डोळ्याने पाहणारी माणसं आपल्या आजूबाजूला असतातच. ती सुईत दोरा ओवतात, सायकल चालवतात. त्यांचं जग भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं सपाट नसतं.

चित्रकारांनी वापरलेल्या खुणा आहेतच. पुढची वस्तू मागचीला झाकते, लांबची लहान दिसते, दूरचे डोंगर निळसर होतात, रुळांच्या रेषा एकमेकींकडे सरकतात. या खुणा उपयोगाच्या आहेत, पण त्यांतून बहुतेक अंदाजच बांधता येतो. अंतराचा पक्का हिशेब हवा असेल तर एकच वस्तू दोन जागांवरून पाहावी लागते. दोन डोळे हे काम एकाच क्षणी करतात. एक डोळा तेच काम दोन क्षणांत करू शकतो. त्याने फक्त जागा बदलायला हवी.

व्हीटस्टनने स्टिरिओस्कोप मांडला त्याच वर्षी, १८३८ मध्येच, फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर जाहीर केलं. त्याच्याजवळ एकच दुर्बीण होती. म्हणजे डोळा एकच. पण पृथ्वी त्याला घेऊन फिरत होती. सहा महिन्यांत ती सूर्याच्या पलीकडे, सुमारे तीस कोटी किलोमीटर लांब जाते. तेवढ्या प्रवासाने तो तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत अगदी सूक्ष्म सरकलेला दिसला आणि त्या सरकण्यातून त्याचं अंतर निघालं. आत्याची मान आणि पृथ्वीची कक्षा यांच्यात फरक आहे तो मापाचा. युक्ती तीच.

या युक्तीला इंग्रजीत पॅरॅलॅक्स म्हणतात आणि पाहणाऱ्याच्या हालचालीतून ती साधली तर मोशन पॅरॅलॅक्स. मराठीत काय म्हणायचं याचा मी बराच विचार केला. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात यासाठी एक जुना, कसलेला शब्द आहे : लंबन. पृथ्वीच्या पोटातून आणि पृथ्वीच्या पाठीवरून पाहिलेला चंद्र एकाच जागी दिसत नाही, म्हणून सूर्यग्रहणाचं गणित करताना लंबनाचा संस्कार द्यावा लागतो. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तही तो आहे. या पुस्तकात मी तोच शब्द घेतला आहे आणि हालचालीमुळे होणाऱ्या लंबनाला ‘गतिलंबन’ म्हटलं आहे. दुसरा शब्द ‘खोली’. त्याने मला छळलंही आणि हसवलंही. एका डोळ्याने खोली कशी कळते, असं वाक्य लिहिलं की वाचणाऱ्यापुढे आधी चार भिंती उभ्या राहतात. पण मराठीने राहण्याच्या जागेला आणि डेप्थला एकच शब्द दिला याची मला पुढे पुढे गंमत वाटू लागली. ज्यात शिरता येतं, फिरता येतं ती खोली. पुस्तकाचा विषयही तोच.

गतिलंबनाचा सर्वांत चांगला वर्ग आगगाडीच्या खिडकीत भरतो. दौंडकडून सोलापूरकडे जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा; दोन्हीकडे सपाट रान, मध्ये एखादं लिंबाचं झाड, क्षितिजाशी टेकडी. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर धरू. रुळापासून १० मीटरवरचा खांब अगदी समोर येतो तेव्हा सेकंदाला सुमारे ११५ अंशांच्या वेगाने नजरेपुढून जातो. त्यावरचा नंबर वाचायचा म्हटला तरी जमत नाही. २०० मीटरवरचं झाड सेकंदाला पावणेसहा अंशांच्या आसपास सरकतं. ५ किलोमीटरवरच्या टेकडीच्या वाट्याला पाव अंशही येत नाही. अंतर दुप्पट झालं की वेग निम्मा. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरांहून लांब, म्हणून तो हलतच नाही आणि गाडीबरोबर धावत येतो. खिडकीतल्या प्रत्येक मुलाचा प्रश्न या एका ओळीत सुटतो.

आता जरा बारकाईने पाहा. नजर त्या लिंबाच्या झाडावर रोखून ठेवली तर झाडाच्या अलीकडचं सगळं मागे पळतं आणि पलीकडचं सगळं गाडीबरोबर पुढे निघतं. सगळं रान जणू झाडाभोवती एखाद्या तबकडीसारखं फिरायला लागतं. नजर टेकडीवर नेलीत की तबकडीचा खुंटा टेकडीत. रान तेच, गाडी तीच, तरी पडद्यावरची गती बदलली, कारण डोळा वेगळ्या रीतीने वळला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्यावरच सगळा खटला उभा आहे.

गतिलंबनाचं महत्त्व ठासून सांगणारा मोठा माणूस म्हणजे हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ. १८६७ साली पूर्ण झालेल्या दृष्टिविज्ञानावरच्या आपल्या ग्रंथात त्याने दाट रानाचं उदाहरण दिलं. रानात स्तब्ध उभं राहिलं तर पानं आणि फांद्या यांचा नुसता हिरवा गुंता दिसतो. कोणती फांदी कोणत्या झाडाची ते उमगत नाही. एक पाऊल टाकलं की गुंता सुटतो आणि प्रत्येक फांदी आपापल्या जागी जाते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कोणत्याही पायवाटेवर हा प्रयोग फुकट करता येतो.

पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. रानात झाकाझाक असते, सावल्या असतात, पानांचे ओळखीचे आकार असतात. नुसत्या गतीने खोली दिसते हे सिद्ध करायचं तर बाकीचं सगळं काढून टाकायला हवं होतं. त्याला शंभरहून अधिक वर्षं लागली. १९७९ मध्ये ब्रायन रॉजर्स आणि मॉरीन ग्रॅहम यांनी पडद्यावर नुसते विस्कळीत ठिपके ठेवले. त्यांत ना आकार, ना सावली. बघणाऱ्याने स्थिर बसून पाहिलं तर पसरलेल्या रव्यासारखा एक सपाट पसारा. मग त्याला एक डोळा झाकून डोकं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि डोक्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर ठिपके नेमके तेवढेच सरकवले, जेवढे ते खऱ्या उंचसखल पृष्ठभागावर असते तर सरकले असते. सपाट पडद्यावर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उभ्या राहिल्या. डोकं थांबलं की लाटा पुन्हा सपाट. चित्रात खोलीची दुसरी कोणतीही खूण नव्हती. जे दिसलं ते निव्वळ गतीचं देणं होतं.

याच्या उलट बाजूने, म्हणजे पाहणारा स्थिर आणि वस्तू फिरती असं धरून, एक प्रयोग आधीच झाला होता. तो तुम्ही घरी करू शकता. तारेचा एक तुकडा वेडावाकडा वाकवून दोऱ्याला टांगा, त्याच्या मागे दिवा ठेवा आणि पुढे ताणून धरलेल्या पांढऱ्या कापडावर पडणारी सावली पाहा. तार थांबलेली असेल तर ती सपाट रेघोटी. दोऱ्याला पीळ देऊन सोडलंत की तीच रेघोटी अवकाशात फिरणारी सगळी तार होते. हान्स वॉलक आणि डी. एन. ओकॉनेल यांनी १९५३ मध्ये हा परिणाम काटेकोरपणे तपासला. पण सावली नीट पाहिलीत तर एक फसगतही हाती लागेल. तार घड्याळाच्या दिशेने फिरतेय म्हणावं तर अचानक ती उलट फिरू लागते, आणि कापडावर तर काहीच बदललेलं नसतं. २००३ मध्ये नोबुयुकी कायाहारा यांनी बनवलेली गिरकी घेणारी नर्तकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. ती कोणत्या पायावर फिरते यावरून घराघरांत वाद झाले. वाद मिटणार नाही, कारण सावलीला पुढचं आणि मागचं यांतला फरकच ठाऊक नसतो.

शिमोन उल्मन यांनी १९७९ मध्ये या सगळ्याचं गणित मांडलं. वस्तू घट्ट आहे, फिरताना तिचा आकार बदलत नाही एवढं गृहीत धरलं, तर एकाच प्रतलात नसलेल्या चार बिंदूंची तीन दृश्यं तिची घडण ठरवायला पुरतात. फक्त आरशातल्यासारखं पुढचं-मागचं उलटं होण्याचा संशय उरतो. चार बिंदू आणि तीन क्षण! मेंदू खरोखर हेच गणित करतो असं नाही. पण गतीमध्ये माहिती किती ठासून भरलेली असते हे त्यावरून कळतं.

आता तो खटला. खिडकीतलं लिंबाचं झाड आठवा. नजर त्याच्यावर रोखलेली असताना समोरच्या दृश्यात एखादा ठिपका डावीकडे सरकला. तो जवळचा की लांबचा? मी उजवीकडे चाललो असेन तर जवळचा. डावीकडे चाललो असेन तर लांबचा. ठिपक्याची गती दोन्ही वेळा अगदी एकच. म्हणजे नुसतं पाहून निकाल लागत नाही. निकाल लागायचा तर मेंदूला आणखी एक गोष्ट कळायला हवी : हललं कोण, आणि कुठे?

सरकारी कचेरीतून पत्र बाहेर पडतं तेव्हा त्याची एक स्थळप्रत फायलीत राहते. मेंदूचंही तसंच चालतं. डोळा वळवण्याचा हुकूम स्नायूंकडे जातो, तेव्हा त्याची स्थळप्रत दृष्टीच्या कामाकडे वळवली जाते. ती असते म्हणून आपण डोळे फिरवले तरी जग फिरल्यासारखं वाटत नाही. ती नसली तर काय होतं ते एका साध्या कृतीने कळतं : एक डोळा झाकून दुसऱ्याच्या कोपऱ्याला पापणीवरून बोटाने अगदी हलकेच दाबा. हुकूम निघालेला नाही, स्थळप्रत नाही, आणि समोरची भिंत हलते. माकडांच्या मेंदूत गती टिपणारा एमटी नावाचा भाग आहे. तिथल्या पेशी अशा दुहेरी अर्थाच्या दृश्यातही जवळचं आणि लांबचं वेगळं करतात, हे जेकब नॅडलर, डोरा अँजेलाकी आणि ग्रेगरी डिअँजेलिस यांनी २००८ मध्ये दाखवलं. पडद्यावरच्या गतीला स्वतःच्या हालचालीच्या खबरेची जोड मिळते, म्हणून त्यांना ते जमतं.

या पुस्तकाला सांगायचं ते एवढंच आहे. जगाची खोली नुसती समोर मांडून ठेवलेली नसते. आपण काय केलं हे ठाऊक असेल तरच समोर काय आहे ते कळतं. पाहणं ही अंगाने करायची गोष्ट आहे. आत्याला मान हलवल्याचं भान नव्हतं. तिच्या मेंदूने ती हालचाल हिशेबात धरून खर्ची घातली होती आणि तिच्या हाती उरला होता तो कप, नेमका जिथे होता तिथे. एक डोळा गमावलेली माणसं वस्तू उचलताना डोकं अधिक हलवतात, हे कॅनडात मेल्व्हिन गुडेल यांच्या गटाने १९९५ मध्ये मोजून दाखवलं. आत्याला हे ओट्यापाशी तीन-चार दिवसांत साधलं होतं.

हिशेब चुकतो तेव्हाही विषय उजळतो. स्टेशनात शेजारची गाडी सुटते आणि आपलीच निघाली असं वाटून आपण दांडी धरतो. हललं कोण याचा निवाडा मेंदूने उलटा दिलेला असतो. एडिंबरात डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन यांनी १९७४ मध्ये नुकतंच चालायला लागलेल्या मुलांना अशा खोलीत उभं केलं, जिच्या भिंती जमिनीला न टेकता सरकत. भिंत जवळ येताच मुलांनी तोल सावरला. तोल गेलेलाच नव्हता, म्हणून मुलं अनेकदा धपकन पडली. इथे खरोखरच ‘खोली’ने त्यांना फसवलं.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात भूमिती आणि जुने प्रयोग येतात. दुसऱ्यात मेंदू. त्यात म्युनिकमधल्या एका बाईंची हकिगत आहे. मेंदूला इजा झाल्यावर त्यांना रंग दिसत, माणसं ओळखू येत, पण गती दिसत नसे. योझेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. कपात ओतलेला चहा त्यांना गोठल्यासारखा दिसे, म्हणून तो भरत आला तरी कळत नसे आणि सांडे. पट्टी बांधलेल्या माझ्या आत्याशी त्यांची तुलना केल्यावाचून मला राहवलं नाही. एकीचा डोळा झाकलेला होता तरी गती होती. दुसरीचे डोळे होते आणि गती गेली.

याच भागात पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’वर एक प्रकरण आहे. भारतात जन्मापासून नीट न पाहिलेल्या आणि बऱ्याच वर्षांनी उपचाराने दृष्टी मिळालेल्या माणसांना सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी चित्रं दाखवली. एकमेकांवर चढलेले दोन चौकोन त्यांना दोन दिसत नसत. रेघ जिथे रेघेला कापते तिथे तुकडा पडे. सावली वेगळी वस्तू होई. चित्रातला आकार हलू लागला की मात्र तुकडे जुळून एक होत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात एक आशा आहे. पुढच्या महिन्यांत ही माणसं स्थिर चित्रंही वाचू लागली. दृष्टीची बाराखडी गतीने शिकवली जात असावी असं त्यावरून म्हणता येतं. खोलीच्या प्रश्नाहून हा प्रश्न थोडा वेगळा आहे, तरी सख्खा शेजारी आहे.

तिसऱ्या भागात प्राणी. उडी घेण्याआधी टोळ शरीर डावी-उजवीकडे झुलवतो. तो झुलत असतानाच लक्ष्य गुपचूप सरकवलं की त्याची उडी चुकते, हे जी. के. वॉलेस यांनी १९५९ मध्ये नोंदवलं. म्हणजे तो झुलण्यातून अंतर मोजतो. चालताना पुढे-मागे हलणाऱ्या कबुतराच्या मानेवरही एक टिपण आहे, कारण तिच्याविषयी घाईने बोलणं मला टाळायचं होतं. चालत्या पट्ट्यावर कबुतर जागच्या जागी चालवलं की मान थांबते. तेव्हा तिचा संबंध पायांशी कमी आणि दृश्याशी जास्त. पण त्यातला मोठा वाटा अंतर मोजण्याचा नाही, दृश्य स्थिर धरण्याचा आहे.

चौथा भाग माणसाच्या कामाधंद्याचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिकांच्या चाचण्या घेताना जेम्स गिब्सन यांच्या लक्षात आलं की विमान उतरवणारा माणूस दोन डोळ्यांच्या भेदावर विसंबत नाही. ज्या बिंदूकडे आपण जातो तो जागीच राहतो आणि बाकी सगळी जमीन त्याच्यापासून चहूकडे वाहत जाते. या प्रवाहावर त्यांनी १९५० मध्ये पुस्तक लिहिलं. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने १९३७ मध्ये काचेचे थर एकामागे एक लावून, वेगवेगळ्या वेगाने सरकवून सपाट चित्रांत रान उभं केलं, तो इतिहासही इथेच आहे.

या पुस्तकात गणित थोडंच आहे आणि जिथे आहे तिथे ते ओलांडून पुढे गेलात तरी धागा सुटणार नाही. प्रयोग मात्र ओलांडू नका. त्यांना तार, दोरा, दिवा, पांढरं कापड आणि एक मोकळा तळहात एवढंच लागतं. खिडकीजवळची जागा मिळाली तर उत्तमच. नाहीच मिळाली तर एक डोळा झाका, समोरच्या दोन वस्तू निवडा आणि मान संथपणे हलवून पाहा. शेजारच्याने काय झालं म्हणून विचारलं, तर उत्तर आत्याने देऊन ठेवलेलं आहे.